गॅलापागोसचा झाडासारखा निवडुंग पुण्यातल्या गच्चीवर उंच का होत नाहीये?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मुलाबरोबर तुम्ही प्रशांत महासागरातल्या इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवर गेलात, सांता क्रूझ बेटावर पुएर्तो आयोरा गावातून टॉर्तुगा बेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर माणसाच्या चौपट उंचीचे निवडुंग बघितलेत, परत आल्यावर ऑनलाइन 'गॅलापागोस ट्री ऑपन्शिया' नावाने दोन फडे मागवलेत आणि ते दीड वर्ष कोथरूडच्या गच्चीवर कुंडीत आहेत पण वर जायचं सोडून आडवे पसरतायत. विचारलंय की कुठलं खत द्यायचं, बाजूचे फडे छाटायचे का, आणि नातू लहान आहे म्हणून काटे कापले तर चालतील का.

खताचं आणि छाटणीचं सांगतेच, पण खरा प्रश्न त्याच्या आधी आहे. तुमच्या कुंडीत जे आहे ते मुळात तेच झाड आहे का? आणि असेल, तर दीड वर्षात त्याच्याकडून उंचीची अपेक्षा करणं बरोबर आहे का? सासवडजवळ माझी छोटी कॅक्टस नर्सरी आहे, २६ वर्षं हेच करतेय, आणि गॅलापागोसचं नाव घेऊन येणाऱ्या दहातल्या निदान आठ जणांकडे भलतंच झाड निघतं. मी स्वतःही त्यातलीच. सुरुवातीला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मोठ्या आशेने बिया घेतल्या, सहा वर्षं लेकरासारखं जपलं आणि शेवटी फुलं आल्यावर कळलं की हा आपल्या बांधावरचाच प्रकार आहे. त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, म्हणून तुम्हाला आधीच सांगतेय.

तर आधी ओळख. गॅलापागोसमध्ये कॅक्टसचे तीनच गट (वंश) आहेत. खांबासारखा वर जाणारा आणि मेणबत्त्यांच्या झाडासारखा दिसणारा जास्मिनोसेरियस, काळ्या लाव्हावर बुटक्या झुबक्यांनी वाढणारा ब्रॅकिसेरियस, आणि चपट्या फड्यांचा ऑपन्शिया. तुम्ही बघितलात तो तिसरा, ऑपन्शिया इकिओस, आणि सांता क्रूझवरचा त्याचा जो प्रकार आहे त्याला नावच 'जायगँटिया' आहे, म्हणजे राक्षसी. तो १२ मीटरपर्यंत जातो, चार मजली इमारत म्हणा ना. जुन्या पुस्तकांत या बेटांवरच्या ऑपन्शियाच्या सहा प्रजाती आणि त्यांचे चौदा उपप्रकार दिलेले असतात, बेट बदललं की उपप्रकार बदलतो. आता काही अभ्यासक म्हणतात की एवढे तुकडे पाडायची गरज नाही, ही सगळी एकाच झाडाची रूपं असावीत. आपल्याला गच्चीसाठी त्या वादात पडायचं कारण नाही, पण बेटागणिक रूप बदलतं हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे या नावाने काय विकलं जातं? सगळ्यात जास्त ब्राझीलचा ब्रासिलिओपन्शिया, कारण तोही खरोखर झाड होतो. त्याचं खोड सुरुवातीपासून गोल दांड्यासारखं असतं आणि वरचे फडे इतके पातळ की पानंच वाटतात. दुसरा म्हणजे कॅरिबियन बेटांवरचा कॉन्सोलिया, चकचकीत, पुष्कळदा बिनकाट्याचा, लांबट आणि तांबूस छटेचा, त्याचं खोडही कितीतरी वर्षं चपटंच राहतं. तिसरा चाऱ्यासाठी लावतात तो काटे नसलेला निवडुंग. आणि चौथा आपल्या बांधावर दिसणारा फड्या निवडुंग.

खऱ्या इकिओसचं लहान रोप कसं दिसतं सांगते, कारण मोठ्या झाडाच्या फोटोंवरून ते ओळखता येत नाही. लहानपणी ते काट्यांचा गोळा असतं. एकेका ठिपक्यातून लांब, ताठ, पिवळट काट्यांचा झुबका निघतो आणि फड्याचा हिरवा रंग त्यातून जेमतेम दिसतो. तुम्ही लिहिलंय की काटे भीती वाटण्याइतके दाट आहेत. हे लक्षण चांगलं आहे. पण आडवं पसरणं हे फारसं चांगलं लक्षण नाही. म्हणून मी आत्ता पन्नास-पन्नास म्हणेन.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. विक्रेत्याने 'थेट बेटावरून आणलंय' असं सांगितलं असेल तर ते एक तर खोटं आहे नाहीतर गुन्हा आहे. तिथली सुमारे ९७ टक्के जमीन १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून फडा काय, दगडसुद्धा उचलता येत नाही, तुम्हालाही विमानतळावर सांगितलं असेलच. भारतात परदेशातून रोप किंवा बी आणायचं तर परमिट आणि क्वारंटाइनचे कागद लागतात ते वेगळंच. बागांमध्ये वाढवलेल्या झाडांचं बी जगात फिरतं, माझ्याकडचं तसंच आलंय, कागदांसकट.

आता ते झाड का होतं हे समजलं की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून इथे जरा थांबते.

डार्विन १८३५ च्या सप्टेंबरमध्ये तिथे उतरला तेव्हा त्याला वाटेत दोन प्रचंड कासवं भेटली, त्यातलं एक निवडुंगाचा तुकडा खात होतं. त्याने गोळा केलेल्या नमुन्यांवरून त्याचे गुरू हेन्स्लो यांनी १८३७ मध्ये ऑपन्शिया गॅलापागेया हे नाव दिलं. तेव्हापासून कासव आणि निवडुंग ही जोडी लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच. कारण सोपं आहे. त्या कोरड्या पट्ट्यात पाणी कुठेच नाही, फड्यात मात्र भरपूर. कासवाला, जमिनीवरच्या इग्वाना नावाच्या मोठ्या सरड्याला, सगळ्यांना तो हवा. मग ज्याचा फडा तोंडाच्या वर गेला तो वाचला. १९६० च्या दशकात डॉसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेच मांडलं, की या झाडाची उंची आणि कोवळ्या वयातले काटे हे कासवांमुळे आहेत. याला पुरावाही दिसतो. उत्तरेकडच्या हेनोवेसा बेटावर ना कासवं ना जमिनीवरचे इग्वाना, आणि तिथला ऑपन्शिया हेलेरी बुटका, जमिनीवर पसरलेला, आणि काटे इतके मऊ की केसांसारखे वाकतात.

पण मला एकटं कासव हे कारण पुरेसं वाटत नाही, आणि बऱ्याच अभ्यासकांनाही वाटत नाही. सांता क्रूझवरची कासवं घुमटासारख्या पाठीची आहेत, त्यांची मान फार वर जात नाही. लांब मानेची, खोगिरासारख्या पाठीची कासवं एस्पान्योला आणि पिन्सोन अशा कोरड्या बेटांवरची. मग सगळ्यात उंच निवडुंग सांता क्रूझवर का? तिथल्या कोरड्या पट्ट्यात झुडपं आणि झाडं दाट आहेत आणि सावलीत निवडुंग मरतो, म्हणजे उजेडासाठी वर चढावंच लागतं. मला वाटतं दोन्ही कारणं आहेत, खालून तोंडं आणि वरून सावली.

२०१६ मध्ये मला जायला मिळालं. साउथ प्लाझा नावाच्या चिमुकल्या बेटावर एक दृश्य बघितलं ते सांगते. निवडुंगाच्या सावलीत एक पिवळा इग्वाना अगदी निवांत पडलेला, पंधरा-वीस मिनिटं हलला नाही, जणू दगडच. मग वरून वाळकट फडा धप्पकन पडला आणि तो गडी इतक्या चपळाईने धावला की मी दचकले. पुढच्या पायाने त्याने फडा दोन-चारदा खरवडला, थोडे काटे मोडले, उरलेल्या काट्यांसकट कडाकडा चावायला लागला. आपल्याकडे खाली पडलेला फडा काही आठवड्यांत मुळं धरतो आणि नवं झुडूप तयार होतं. इथे त्याला ती संधीच मिळाली नाही. म्हणूनच तिथे झाडाची भिस्त बियांवर जास्त, आणि बी पसरवायलाही तीच कासवं-इग्वाना उपयोगी पडतात, बोंडं खातात आणि दूर जाऊन विष्ठेतून बिया टाकतात.

त्या झाडाच्या खोडाला मी हात लावून बघितला नाही, गाइडने आधीच बजावलं होतं, पण अगदी जवळून बघितलं. तांबूस साल, पेरूच्या झाडाची सुटते तशी पापुद्र्यांनी सुटलेली, खाली गुळगुळीत. काटा एकही नाही. हेच खोड लहानपणी काट्यांनी भरलेलं होतं! एकेक चपटा फडा वर्षानुवर्षं जाड होत जातो, सांधे बुजतात, काटे गळतात, साल धरते आणि गोल बुंधा तयार होतो. पायाशी एक पडलेलं जुनं खोड होतं, त्याचा गर कुजून गेलेला आणि आत लाकडाची नुसती जाळी, वाळलेल्या दोडक्याच्या आत असते ना तशी, एकात एक थर. म्हणजे या झाडाचं लाकूड एकसंध नाहीच, जाळ्यांच्या थरांमध्ये पाणी भरलेलं.

यावरून तुमच्या नातवाच्या प्रश्नाचं उत्तर. काटे कापू नका. कापलेला काटा परत येत नाही, कापताना फड्याला जखम झाली तर तिच्यातून बुरशी शिरते, आणि भर उन्हात त्या काट्यांची फड्यावर थोडी सावलीही असते. शिवाय नातवाला खरा त्रास मोठ्या काट्यांचा नाहीच, त्यांच्या बुडाशी जी बारीक कुसळं असतात त्यांचा आहे, ती दिसत नाहीत, कापता येत नाहीत आणि बोटात दोन दिवस खुपतात. कुंडी कठड्याच्या कोपऱ्यात उंचावर ठेवा आणि भोवती जाळी लावा. कुसळं गेलीच तर आधी चिकटपट्टी लावून ओढा, मग भिंगातून बघून चिमट्याने काढा, चोळू अजिबात नका.

कोवळं वय हाच या झाडाचा नाजूक काळ असतो हे किती खरं आहे त्याची साक्ष एस्पान्योला बेट देतं. तिथे माणसांनी बकऱ्या सोडल्या. बकरीला काट्याचं कौतुक नाही हे आपल्याला सांगायला नको. रोपं उगवली की फस्त, मोठ्या झाडांचे बुंधे कुरतडलेले, म्हातारी झाडं उभी पण खाली पोरं नाहीत. कासवंही संपत आली, फक्त १४ उरली, १२ माद्या आणि २ नर. ती उचलून संशोधन केंद्रात नेली, सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर आणला, १९७८ पर्यंत बेट बकऱ्यांपासून मोकळं केलं, जवळजवळ २००० पिल्लं वाढवून सोडली आणि २०२० च्या जूनमध्ये ती म्हातारी पंधरा कासवंही घरी परतली. कासवं परत फिरायला लागल्यावर निवडुंगही हळूहळू परत येतोय, पण हळूहळू म्हणजे किती, तर कामाला पन्नास वर्षं होऊन गेली आणि अजून चालूच आहे. साउथ प्लाझावर तर २०१३ नंतर तिथे संशोधन करणाऱ्या डार्विन फाउंडेशनच्या लोकांनी पाणी साठवणाऱ्या खोक्यांत रोपं लावून, जाळ्या घालून झाडं वाढवायला घेतली. आणि आपण दीड वर्षात खत विचारतोय. तुम्हाला बोल लावत नाहीये हो, मीही तेच विचारलं होतं सुरुवातीला.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

खत. जवळजवळ नको. नायट्रोजन दिलंत, युरिया असो की भरमसाट शेणखत, तर फडे फुगतात, मऊ पडतात आणि स्वतःच्या वजनाने वाकून आडवे होतात. तुमचं आडवं पसरणं यामुळेही असू शकतं, कुंडीत नर्सरीची लाल माती आणि कोकोपीट आहे असं तुम्हीच लिहिलंय. ते पाणी धरून ठेवतं. जानेवारी-फेब्रुवारीत कोरड्यात झाड बाहेर काढा, जुनी माती झाडून टाका आणि नवं मिश्रण करा. मी वापरते ते असं, दोन भाग मुरूम, एक भाग बारीक खडी किंवा विटांचा चुरा, एक भाग जाडी वाळू आणि मूठभर अगदी जुनं कुजलेलं शेणखत. मुळांना जखम झाली असेल तर आठ-दहा दिवस सावलीत कोरडं ठेवून मगच लावायचं आणि लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, चमचाभर बोनमील दिलंत तरी पुरे.

पाणी. इथेच पुण्यातली निम्मी झाडं जातात. लोकांना वाटतं गॅलापागोस म्हणजे विषुववृत्त, म्हणजे पाऊस. किनाऱ्यालगतचा पट्टा कोरडा असतो, जून ते डिसेंबर गार हवा आणि वर डोंगरात धुकं, खरा पाऊस जानेवारी ते मे मध्ये आणि तोही काही वर्षी नावाला. आणि जास्त पाऊस झाला तर? १९८२-८३ च्या एल निनोत तिथे प्रचंड पाऊस पडला, फड्यांनी इतकं पाणी प्यायलं की झाडं वरून जड झाली आणि कोसळली, काहींवर वेली चढून ती गुदमरली. लक्षात घ्या, हे त्यांच्या स्वतःच्या घरी झालं. मग आपला जुलै-ऑगस्ट तर त्यांच्यासाठी दर वर्षीचा एल निनो. माझी तीन वर्षांची अकरा रोपं एका जुलैत गेली, वरून ठणठणीत हिरवी दिसत होती, बोट लावलं तर बुडातून पिकलेल्या केळ्यासारखी मऊ. त्यानंतर मी जूनच्या पहिल्या आठवड्यात वर पारदर्शक पत्रा टाकते तो ऑक्टोबरलाच काढते, बाजू उघड्या ठेवते, हवा खेळली पाहिजे. तुम्ही कुंडी फक्त पावसाच्या झोतातून बाजूला घेतलीत तरी खूप झालं. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर पाणी आणि मग पूर्ण कोरडं, हिवाळ्यात महिन्यातून एकदा.

छाटणी. हे परिस्थितीवर आहे. झाड खरं इकिओस असेल आणि बियांपासून वाढलेलं असेल तर हात लावू नका, ते स्वतःहून एका मध्यावर वर जातं, पहिली काही वर्षं कडेला फारसे फाटे फोडतही नाही. तुमच्यासारखं फड्याच्या कलमापासून वाढवलं असेल तर मात्र ते झुडपासारखं वागतं, कारण कलमाला प्रत्येक टोकाला आपण वरच आहोत असं वाटतं. तेव्हा सगळ्यात सरळ आणि जाड फडा निवडून त्याला बांबूचा आधार द्या आणि जमिनीकडे झुकलेले फडे सांध्यातून कापा, कोरड्या महिन्यात, तापवलेल्या सुरीने, कापल्यावर हळद किंवा राख लावा. एका वेळी एक-दोनच. कापलेले फडे कचऱ्यात पिशवीत बांधून टाका, आणि कृपा करून वेताळ टेकडीवर किंवा नदीकाठी टाकू नका. ऑपन्शिया आपल्याकडचा नाहीच, एकही प्रकार नाही. आपल्या रानातला मूळचा म्हणून जो निवडुंग आहे, त्रिधारी, ज्यातून पांढरा चीक येतो, तो कॅक्टस नसून युफोर्बिया आहे. फड्या बाहेरून आला आणि एके काळी देशात इतका माजला होता की त्याला आवरायला १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनील किडा आणावा लागला. हा किडा तुमच्याही गच्चीवर येऊ शकतो. फड्यावर पांढऱ्या कापसाचे ठिपके दिसले आणि बोटाने चिरडल्यावर लालभडक रंग आला की तोच. जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून घासा, दर चार दिवसांनी, तीन-चार वेळा.

आणि तुमचं झाड ते नसेल तर? ब्रासिलिओपन्शिया निघाला तर मी म्हणेन ठेवा, पुण्यात छान वाढतो आणि खरंच झाड होतो. फड्या निघाला तर माझं मत काढून टाका असं आहे, नातू आहे आणि टेकडी जवळ आहे.

खरं इकिओसच हवं असेल तर बियांपासून सुरू करा. बी चपटं, टणक, त्यावर हाडासारखं आवरण. काचपेपरवर एका कडेला अलगद घासायचं, आत पांढरं दिसायला लागलं की थांबायचं, दोन दिवस पाण्यात भिजवायचं आणि विटांच्या चुऱ्यात लावायचं, मार्चच्या सुमाराला. माझं पहिलं बी ४१ व्या दिवशी उगवलं, त्याच ताटलीतलं शेवटचं पुढच्या पावसाळ्यात. म्हणून ताटली फेकू नका. आधी दोन जाडजूड हिरव्या पाकळ्यांसारखी पानं येतात, मग मधून केसाळ गोळी वर येते, तेव्हाच त्यावर काटे असतात, इतके मऊ की गंमत वाटते, चार महिन्यांत टोचायला लागतात. माझं सगळ्यात मोठं झाड आता १२ वर्षांचं आहे, जमिनीत लावलेलं, माझ्या कंबरेच्या जरा वर येतं. अजून एकदाही फुललं नाही. गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा त्याच्या बुडाच्या फड्यावर काटे गळून टाचेएवढा तांबूस डाग दिसला, साल धरायला लागली होती. मी नवऱ्याला हाक मारून बोलावलं बघायला.

तुम्ही आता एवढं करा. दिवसाच्या उजेडात तीन फोटो टाका, एक सगळ्यात खालच्या फड्याचा अगदी बुडाशी, एक काट्यांच्या एकाच झुबक्याचा जवळून, एक पूर्ण झाडाचा बाजूने. फडा किती जाड आहे तेही लिहा, बोटाएवढा की अंगठ्याएवढा. त्यावरून बरंच सांगता येईल. आणि तोवर पाणी थांबवा.